शुक्रवारची उत्तरपूजा

मेश्राम सर,

तुम्ही गेल्याचा ऑफिसचा मेल आला, त्यात तुमच्या नावाआधी 'कै.' होतं. थोड्या वेळाने दुरुस्तीचा मेल आला. तुमच्या मुलीने कळवलं होतं, आमच्यात 'कै.' लिहीत नाहीत, 'कालकथित' लिहावं. हा शब्द मी पहिल्यांदाच पाहत होते. सवयीने त्याचे दोन तुकडे केले. काल, कथित. काल सांगितलेला माणूस. आणि मला तुमच्या आवाजात अगदी स्पष्ट ऐकू आलं, "काहून तोडून राहिली गं शब्द? भाजी आहे का ती? कधी अख्खा वाचत जा."

शब्द तोडून वाचायची माझी खोड तुम्ही शेवटपर्यंत सहन केलीत. तिच्यातून झालेल्या एका चुकीबद्दल तर अगदी परवापरवापर्यंत चिडवत होता. त्या चुकीबद्दल आणि त्या आठवड्याबद्दल लिहायचंय. तुमच्याविषयी लिहिताना डोळे भरून येतात हे खरं, पण त्याहून जास्त हायसं वाटतंय. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर विचित्र वाटेल, म्हणून तुम्हालाच सांगते.

आपल्या कामाबद्दल मोघम लिहावं लागेल. दोघांनीही गुप्ततेच्या कागदावर सही केली होती. तुमची सुटली, माझी अजून सुटलेली नाही. हिंजवडीतल्या एका इमारतीत बसून, लोक इंटरनेटवर मराठीत जे लिहितात ते आपण वाचायचो. यंत्राला ज्या मजकुराचा संशय येईल तो आपल्यापुढे यायचा. समोर तीन बटणं असायची: ठेवा, काढा, वर पाठवा. 'वर' नेमकं कोण बसतं ते आपल्याला कधी कळलं नाही. तिथून कधीकधी पोलिसांना कळवतात, एवढंच ठाऊक.

तुम्ही आमच्या मराठी टीमचे लीड. विदर्भातल्या एका वर्तमानपत्रात अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या बातम्या तपासून आलेले. आणि मी इंग्रजी शाळेतली. घरी मराठी बोलते, एवढ्या पात्रतेवर मला घेतलं होतं. वाचायला किती वेळ लागतो ते मुलाखतीत कुणी विचारलं नाही. जे कळायचं नाही ते मला धोक्याचं वाटायचं, आणि कळायचं नाही असं पुष्कळ होतं. मी काढत सुटले. शेवटी तुम्ही माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिलात.

"केतकी मॅडम, सगळा महाराष्ट्र रिकामा करता का? कुणीतरी राहू द्या बोलायला."

मला वाटलं नोकरी गेली. पण संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये तुम्ही शेजारी येऊन बसलात. दोघंही बिबवेवाडीला उतरणारे. हिंजवडीच्या चौकात बस नेहमीप्रमाणे अडकली होती आणि तुम्ही शिकवायला सुरुवात केलीत.

"राग वाचू नको. राग सगळ्यांना येतो. क्रियापद वाच. मग वार वाच, मग जागा. आता हे बघ. 'जळो मेलं' म्हणते ती बाई सासूला कंटाळली आहे. 'जाळावंसं वाटतं' म्हणतो तो स्वतःवरच चिडलाय. 'जाळलं पाहिजे' म्हणणाऱ्याला टाळ्या पाहिजेत. आणि 'चला, जाळू' म्हणून जो वार सांगतो, चौक सांगतो, तो कामाला निघालाय. त्याला सोडायचं नाही. यंत्राला हे चौघं सारखेच. त्यानं आज ठेच्याची कृती अडवली. 'मिरच्या भाजून ठेचून काढा' म्हणून."

मी इतक्या जोरात हसले की पुढच्या सीटवरच्या मुलाने कानातलं काढून मागे वळून पाहिलं. मी एरवी बसमध्ये खोकतसुद्धा नाही.

क्रियापद, वार, जागा. हा नियम मला फार आवडला. माझ्यासारख्या मुलीला नियम लागतो, तो हातात असला की बोलायचं धाडस येतं. बरेच महिने तो नीट चालला. मग परचुरेबाईंचं प्रकरण आलं.

परचुरेबाई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका, राहायला कसबा पेठेत. पेठेतल्या एका जुन्या हौदावर त्यांनी लेख लिहिला होता. तो हौद बांधणाऱ्या सरदारांचं नाव लोक अभिमानाने घेतात, पण त्याच हौदावर काही जातींना पाणी भरू देत नसत, असं त्यांनी जुन्या कागदांवरून मांडलं होतं. सरदारांचा अभिमान बाळगणारी काही तरुण मंडळी खवळली. बाई याच विषयावर व्याख्यान देणार आहेत हे कळल्यावर तर शिव्यांचा नुसता ढीग यायला लागला. आपण नियमाप्रमाणे बऱ्याच शिव्या ठेवल्या. तुम्ही म्हणायचात, "शिवी देणारा माणूस निदान दिसतो तरी."

आणि मग ती पोस्ट आली. तिच्यात एकही शिवी नव्हती.

"शुक्रवारी सायंकाळी वाचनालयाच्या सभागृहात बाईंची उत्तरपूजा. सर्वांनी सहकुटुंब अगत्य येण्याचे करावे."

मी तुम्हाला म्हणाले, "सर, ही ठेवते. प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम दिसतोय."

"कसला?"

"उत्तर-पूजा. लोक प्रश्न विचारणार, बाई उत्तरं देणार."

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. शेजारच्या गुजराती टीमने माना वर करून पाहिलं. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. मग तुम्ही समजावून सांगायला लागलात.

"अगं, गणपती बुडवायच्या आधी करतात ती पूजा. ती झाली की मूर्तीत देव राहत नाही. माणसाची उत्तरपूजा बांधतात म्हणजे तोंडानं सालटी काढतात. नाहीतर मग हातानं..."

तिथे तुमचं हसू थांबलं. दोघांनी ती ओळ पुन्हा वाचली. वार होता. जागा होती. क्रियापद लग्नपत्रिकेतलं होतं.

मी म्हणाले, "वर पाठवू या." मला वाटलं तुम्ही मान हलवाल. तुम्ही म्हणालात, "नको."

"पण सर..."

"वर पाठवली की काय होईल ते सांगतो. वरचे पोलिसांना कळवतील. पोलीस सभागृहवाल्याला फोन करतील. सभागृहवाला बाईंना म्हणेल, 'मॅडम, तुमच्याच काळजीपोटी सांगतो.' झालं! उत्तरपूजा न करताच विसर्जन. त्या पोरांना हात उचलायचीसुद्धा गरज नाही. एक पत्रिका छापली आणि बाई गप्प."

"भाषण पुन्हा ठेवता येईल ना."

"नाही ठेवता येत."

तुम्हाला इतकं तुटक बोलताना मी ऐकलं नव्हतं. माझ्याकडे न बघता तुम्ही सांगितलंत, की तरुण असताना तुमच्या गावच्या वाचनालयात तुम्ही एक निबंध वाचणार होता, तिथल्या जत्रेतल्या एका प्रथेविरुद्ध. कुणीतरी धमकी दिली. "फौजदार स्वतः घरी आला. फार सज्जन माणूस. चहा प्यायला, आईची चौकशी केली आणि म्हणाला, यंदा राहू द्या, तुमच्या काळजीपोटी सांगतो. आयोजक म्हणाले, पुढच्या महिन्यात ठेवू. केतकी, तो पुढचा महिना आलाच नाही. मला कुणी 'बोलू नको' म्हणालं नाही. सगळ्यांनी माझी काळजी घेतली. मग मी दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासायला लागलो."

मला सहसा पहिल्या नकारानंतर गप्प बसता येतं. शाळेपासूनची सवय. त्या दिवशी का नाही बसले, मला सांगता येणार नाही. मी म्हणाले, "सर, तुम्हाला निदान कुणी घरी येऊन विचारलं. बाईंना हे ठाऊकही नाही. त्या शुक्रवारी चांगली साडी नेसून, कागद घेऊन जाणार आणि दारात ही माणसं. बोलायचं की नाही हे त्यांना ठरवू दे. धोका त्यांचा आहे. त्यांच्या वतीने आपण तो इथे बसून कसा पत्करायचा?"

तुम्ही खुर्ची ओढून माझ्याजवळ बसलात. "इंग्रजी शाळेत एवढं शिकवतात? लिही. शेऱ्याची चौकट उघड."

त्या चौकटीत आपण सहसा काही लिहीत नसू. तुम्ही मराठीत सांगत होता, मी इंग्रजी करत होते. "धोका बाईंना आहे. बाईंच्या बोलण्याचा कुणाला धोका नाही. कार्यक्रम होऊ द्यावा आणि..." मी पुढे 'सिक्युरिटी' लिहिलं. तुम्ही पटकन म्हणालात, "तो शब्द नको. तो वाचला की माणसं कुलूप शोधायला लागतात. बंदोबस्त लिही."

"त्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"बंदोबस्तच म्हणतात. साहेब जाताना तेवढा घेऊन गेला."

मग आपण इंग्रजी अक्षरांत 'बंदोबस्त' लिहिलं आणि मी बटण दाबलं. मंजुरी तुमची लागायची. ती देताना तुमचं बोट माऊसवर किती वेळ थांबलं होतं ते मी पाहिलं. वरून काही उत्तर आलं नाही. तिथून कधीच येत नाही.

शुक्रवारी दोघंही लवकर निघालो. तुम्ही टीममध्ये सांगितलंत, कसब्यात तांब्या घ्यायला जातोय. मी म्हणाले, मलाही घ्यायचाय. "तुला कशाला तांब्या?" असं तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत. मी म्हणाले, "पाणी प्यायला."

पेठेतल्या गल्ल्यांतून तुम्ही इतके भरभर चालत होता की मला जवळजवळ पळावं लागत होतं. भांडी ठोकल्याचे आवाज येत होते. तुम्ही एका दुकानाकडेही पाहिलं नाहीत. मध्येच म्हणालात, "दारावर 'रद्द'चा कागद चिकटवलेला असेल बघ." वाचनालयाच्या दाराशी खरंच फळा होता आणि त्याच्यावर खडूने काहीतरी लिहिलेलं होतं. तुम्ही लांबच थांबलात आणि चष्मा पुसायला लागलात. "तू वाच," म्हणालात.

मी माझ्या पद्धतीने, एकेक शब्द लावत वाचलं. "व्याख्यान वेळेवर सुरू होईल. उशिरा येणाऱ्यांनी कारण सांगू नये."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. सर, एवढ्या उद्धट पाटीने कुणाच्या चेहऱ्यावर इतका आनंद आलेला मी पुण्यात कधी पाहिला नाही.

आत दोन पोलीस होते. एक हवालदार दाराशी आणि एक हवालदारबाई पहिल्या रांगेत, कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसलेल्या. परचुरेबाई टेबलामागे खुर्चीवर बसून बोलत होत्या. त्या इतक्या लहानखुऱ्या होत्या की टेबलावर नुसता चेहरा दिसत होता. हौदात पाणी आणणाऱ्या खापरी नळांचा विषय सुरू झाला आणि ती मंडळी आली. हातात ताम्हण, नारळ, हळदकुंकू. घोषणा देत ते सरळ टेबलापाशी गेले. एकाने नारळ टेबलावर आपटून ठेवला, दुसऱ्याने बाईंच्या कागदांवर मूठभर अक्षता फेकल्या. सभागृहात कुणी हललं नाही.

वर्गातला गोंगाट थांबायची वाट बघावी तशा बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "अक्षता आधी असतात, नारळ नंतर. घरी कुणी शिकवलेलं दिसत नाही."

कुणीतरी हसलं. पुढच्या तरुणाचा चेहरा लाल झाला. "आता मूर्ती हलवायची!" असं ओरडून तो टेबलाला वळसा घालून गेला आणि त्याने बाईंच्या खुर्चीची पाठ धरली. बाई त्याच खुर्चीवर होत्या. तुम्ही उठलात. मीही उठले, का ते माहीत नाही. पण आपल्याआधी हवालदारबाई तिथे पोचल्या होत्या.

"ए दादा. खुर्चीला हात नाही. बोलायचंय ते बोल. उभा राहून बोल, ओरडून बोल. खुर्चीला हात नाही."

त्याने हात काढला. बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "बोला," त्या म्हणाल्या. तो काही बोललाच नाही. बोलायचं असं त्याने बहुतेक काही आणलं नव्हतं. मंडळींपैकी काही निघून गेली, काही मागच्या भिंतीला टेकली. बाईंनी कागदांवरच्या अक्षता झटकल्या. "तर आपण खापरी नळांपाशी होतो."

आणि त्या नळांबद्दल बोलायला लागल्या. नळांचा उतार, नळांचे सांधे, सांध्यांत भरायचा चुना, चुन्यात घालायच्या वस्तू. हौदावर कुणाला पाणी नाकारलं ते सगळं येऊन गेलं, पण बाईंनी ते उताराच्याच आवाजात सांगितलं. सर, ते व्याख्यान भयंकर कंटाळवाणं होतं. मी तुमच्याकडे बघितलं. हनुवटी छातीवर, तोंड किंचित उघडं, तुम्ही गाढ झोपला होता. हे थांबू नये म्हणून आपण केवढं भांडलो होतो! मी तुम्हाला उठवलं नाही.

संपल्यावर बाईंनी आपल्याला जिन्यात गाठलं.

"तुम्ही तिसऱ्या रांगेतले ना? झोपला होता."

"चूक झाली, बाई."

"पुढच्या वेळी घरून झोपून या."

तुम्ही पायरीवरच थांबलात. "पुढची वेळ आहे?"

"म्हणजे काय! हौदाची डागडुजी कुठे सांगून झाली अजून? पुढच्या महिन्यात."

आपण कोण, कुठून आलो, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि सांगता येत नव्हतं. तुम्ही त्यांना वाकून नमस्कार केलात, तेव्हा त्या जरा गोंधळल्या.

परतीच्या वाटेवर भांडण पुन्हा सुरू झालं. "नुसतं नाटक होतं. पोस्ट ठेवली असती तरी चाललं असतं," तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, "हात खुर्चीवर होता. पोस्ट ठेवली असती तर हवालदारबाई आल्याच नसत्या." "आणि त्यांच्याऐवजी कुलूप आलं असतं तर?" "आलं नाही ना!" तुम्ही म्हणालात, "या वेळी." पुढे रोज बसमध्ये हेच. मी नवीन मुद्दा आणायची, तुम्ही ऐकून घ्यायचात, आणि आपण बिबवेवाडीला उतरताना म्हणायचात, "या वेळी." या दोन शब्दांना उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तशी पोस्ट उद्या आली तर मी वरच पाठवीन. पण चौकट रिकामी सोडणार नाही.

तुमच्या घरी आले तेव्हा बुद्धवंदना नुकतीच संपली होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्त्या जळत होत्या. काकूंनी मला शेजारी बसवून घेतलं. मला अशा वेळी काय बोलायचं ते कुठल्याच भाषेत येत नाही. त्याच बोलल्या.

"केतकी ना तू? मध्ये एक आठवडा हे झोपलेच नाहीत. उठायचे, पाणी प्यायचे, गॅलरीत जाऊन उभे राहायचे. काय झालं विचारलं, तर म्हणे, एका बाईंची काळजी वाटते. मी म्हटलं, या वयात कोणती हो बाई?" त्या हसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला. "शुक्रवारी आले ते शीळ घालत. जेवण गरम करू का म्हटलं, तर म्हणाले, झोपही झाली आणि भूकही लागली."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटत होतं की घाबरलेली मी एकटीच आहे, आणि तुम्ही तत्त्वासाठी भांडताय. पोस्ट वर पाठवू नको म्हणत होता तेव्हाही तुम्हाला ती खुर्ची दिसत होती. हे तुम्ही बसमध्ये एकदा जरी बोलला असता, तरी माझे अर्धे मुद्दे तिथेच संपले असते. म्हणूनच बोलला नसाल.

परवा बाईंचं पुढचं व्याख्यान झालं. मी एकटीच गेले. पोलीस नव्हते, गर्दी नव्हती. मागच्या भिंतीशी त्या दिवशीच्यांपैकी एक जण होता. राग तसाच होता, हाताची घडीही होती. पण खुर्चीवर बसला होता, आणि शेवटी त्याने उभं राहून एक खोचक प्रश्न विचारला. बाईंनी त्याला इतकं सविस्तर उत्तर दिलं की तो दोनदा खाली बसायला गेला आणि त्यांनी दोनदा त्याला उभं ठेवलं. तुम्ही हवे होता.

निघताना बाईंनी मला ओळखलं. "ते तुमच्याबरोबरचे गृहस्थ नाही आले?"

मी सांगितलं. बाकीचं, सांगण्यासारखं असूनही, सांगितलं नाही.

त्या जिन्याचा कठडा धरून उभ्या राहिल्या. "अरेरे. मी उगीच बोलले हो त्यांना." मग म्हणाल्या, "जन्मभर शिकवलं मी. वर्गात झोपणारे पुष्कळ पाहिले. पण इतकं निर्धास्त झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं."